कोशाला टेकवलेली पाटी

उलटेरावांचं पत्र येऊन तीन वर्षं झाली होती आणि त्याचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. आता ‘राहून गेलं’ हे काही बरोबर नाही. छत्री दुकानात राहून जाते, गिरणीवरून पीठ आणायचं राहून जातं. हे उत्तर राहून गेलं नव्हतं, दिलं नव्हतं. अनुस्वारांना हा फरक चांगला कळत होता, कारण शब्दांतले असले फरक शोधण्यावरच त्यांचं उभ्या जन्माचं पोट चाललं होतं.

अनुस्वार हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका छापखान्यात मुद्रितं तपासायला होते. छापण्याआधी कच्चा कागद यायचा, तो वाचायचा, चुकांवर लाल शाईनं खुणा करायच्या, आणि सगळं ठीक असलं की कोपऱ्यात ‘छापा’ असं लिहून सही ठोकायची. बसायची जागा पोटमाळ्यावर. खाली खिळे जुळवणारे, यंत्रं, बाइंडर, आणि सगळ्यांच्या डोक्यावर हे एकटे. अंगानं लहान, गोल, आणि बोललेच तर नाकातून. “हा बघा आपला अनुस्वार!” असं एकजण म्हणाला आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

म्हणणारे होते उलटेराव. ते खिळे जुळवायचे. खिळे म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, आणि ती उलटी असतात. आयुष्यभर ती वाचून त्यांना सुलट्यापेक्षा उलटं जास्त सोपं वाटायचं. समोरच्याच्या हातातलं वर्तमानपत्र ते पलीकडून वाचून मोकळे व्हायचे. दोघं एका वयाचे, एका डब्यात जेवणारे, एकमेकांना अरे-तुरे करणारे. आणि मग एका मात्रेपायी उलटेरावांची नोकरी गेली, ते गाव सोडून गेले, आणि छत्तीस वर्षांनी त्यांचं पत्र आलं.

अनुस्वारांनी ते दारात उभ्यानंच वाचलं. एकदाच. त्यातल्या एका ओळीवर ते अडले. ‘त्या शौकसभेचा दोष माझा नव्हता, एवढं सांगायचं होतं.’ म्हणजे उलट्याला कळलं तर. त्यांनी पत्राची घडी घातली, कपाटातला सगळ्यांत जाड शब्दकोश काढून त्यात ती ठेवली आणि कोश वरच्या फळीवर भिंतीपर्यंत ढकलला. तेव्हापासून शब्द अडला तर ते छोट्या कोशात बघत. त्यात नसला तर तो शब्द वापरायचाच नाही असं ठरवत.

उत्तर लिहायला ते अकरा वेळा बसले. ‘प्रिय उलट्या’ इथवर गाडी यायची. मग वाटायचं, ‘प्रिय’ म्हणायचा आपल्याला काय हक्क? ते खोडायचं. मग नुसतं ‘उलट्या’ उरायचं, ते औषधाच्या चिठ्ठीसारखं दिसायचं. कागद फाडायचा, टोपलीत टाकायचा. बायकोला यातलं काही माहीत नव्हतं. उलटेराव नोकरी सोडून गेले एवढंच तिला ठाऊक. अळीमिळी गुपचिळी.

तर असं सगळं चाललं असताना घरात पाटी आली.

पाटी म्हणजे टॅबलेट. लेकीनं पाठवला. खोकं एवढं मोठं की अनुस्वारांना वाटलं मिक्सर आला. आत पुठ्ठा, पुठ्ठ्यात पुठ्ठा, आणि सगळ्यांच्या खाली एक काळी काच. अनुस्वारांनी वाकून पाहिलं तर काचेत त्यांचंच तोंड, खालून दिसतं तसं, हनुवटीसकट. त्यांना ते मुळीच आवडलं नाही.

“अगं, हे बंद आहे की बिघडलंय?”

“झोपलंय,” बायको म्हणाली. “तुम्हीपण दुपारी असेच दिसता.”

त्यांची बायको चाळीस वर्षं शिवण शिकवायची. सगळी आळी तिला शिवणबाई म्हणायची. नवऱ्याला ओळखायचे ते ‘शिवणबाईंचे हे’ म्हणून. बाईंनी पाटी उचलली, सगळ्या कडांवरून बोट फिरवलं, कापडाचा काठ बघावा तसं, आणि कडेची एक गुंडी दाबली. पाटी उजळली. “झालं!” बाई म्हणाल्या. “पाटी आहे पाटी. फक्त पेन्सिल नाही.”

संध्याकाळी पाटीनं गाणं म्हटलं. लेकीचा फोन. अनुस्वारांनी सवयीनं पाटी कानाला लावली.

“बाबा, मला तुमचा कान दिसतोय,” लेक म्हणाली. “फक्त कान. आतून.”

“स्वच्छ आहे ना?” बाईंनी लांबून विचारलं.

“आई! बाबा, समोर धरा. हां. आता ऐका, आठ दिवस वापरून बघा. नाही आवडला तर दुकान परत घेतंय. पण बाबा, खरंच वापरा हं, नाहीतर पुस्तकासारखं कव्हर घालून ठेवाल.”

अनुस्वारांनी कव्हर घालायला खाकी कागद काढून ठेवलाच होता. त्यांनी तो पायानं हळूच कॉटखाली सारला.

पहिले चार दिवस पाटीनं त्यांना ओळखच दिली नाही. बाईंनी बोट लावलं की पानं सुळकन सरकायची. अनुस्वारांनी लावलं की ढिम्म. त्यांनी हळू लावून पाहिलं, जोरात लावून पाहिलं, दुसऱ्या हाताचं लावून पाहिलं. शेवटी लेकीनं फोनवर सांगितलं, वयानं बोटं कोरडी होतात, काचेला ती लागत नाहीत. अनुस्वारांना ते पटलं. माणसांच्याही बाबतीत त्यांचा अनुभव काही वेगळा नव्हता. मग त्यांनी पुस्तकाचं पान उलटताना करायचे तसं बोट जिभेला लावलं आणि काचेवर टेकवलं, आणि पाटी चालली!

“शी! अहो, काय करताय?” बाई ओरडल्या. “ती माझीपण आहे!”

तेव्हापासून पाटीशेजारी वाटीत ओला स्पंज ठेवला जाऊ लागला, पोस्टात असतो तसा.

पाटीबद्दल अनुस्वारांच्या तक्रारी पुष्कळ होत्या आणि त्या त्यांनी एका वहीत उतरवल्या होत्या. वाक्य अर्ध्यावर आलं की नेमका दिवा मालवते. कुशीवर वळून वाचावं तर पानही कुशीवर वळतं. पान उलटलं तरी त्याला मागची बाजू नाही. वास नाही. आणि सूचनांच्या मराठीत पहिल्याच दिवशी सतरा चुका सापडल्या. त्यांतल्या नऊ ऱ्हस्व-दीर्घाच्या, तर ‘कृपया’च्या जागी ‘क्रुपया’ तीन वेळा. त्या चुका कुणाला कळवायच्या हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. सतरा चुकांची यादी खिशात घेऊन ते दोन दिवस घरात हिंडले.

एक गोष्ट मात्र त्यांना आवडली, पण ती त्यांनी वहीत लिहिली नाही. दोन बोटं काचेवर ठेवून लांब केली की अक्षर मोठं व्हायचं. पाहिजे तेवढं. सुपारीएवढं, लिंबाएवढं, ताटाएवढं. जन्मभर बारीक टाइपात डोळे घातलेल्या माणसाला याहून दुसरं सुख नाही. बाई दुकानात गेल्या की ते एखादा ‘क्ष’ काढायचे आणि मोठा-मोठा करत त्याच्या पोटात शिरायचे.

पाचव्या दिवशी सकाळी बाईंनी ठरवलं की पाटी उभी राहायला हवी. त्यांना त्यात बघून ब्लाऊजची नवी कापणी करायची होती आणि दोन्ही हात मोकळे हवे होते. डबा ठेवून पाहिला, घसरला. इस्त्री लावून पाहिली, नको वाटलं. मग त्या स्टुलावर चढल्या आणि वरच्या फळीवरचा जाड कोश ओढू लागल्या.

“तो नको!” अनुस्वार ज्या आवाजात ओरडले तो आवाज त्यांचा त्यांनाच नवा होता.

“का? तीन वर्षांत हात लावलेला बघितला नाही मी. निदान कामाला तरी येईल बिचारा.” कोश खाली आला, टेबलावर आदळला, धूळ उडाली आणि पानांतून एक घडीचा कागद सरकून बाईंच्या पायाशी पडला.

बाईंनी तो उचलला, उलगडला, लांब धरला, जवळ धरला. “कुणाचं हो? अक्षर आहे की मुंग्यांची रांग?”

“जुनं आहे. दे इकडे.”

‘दे इकडे’ म्हटल्यावर कोणती बायको देते? बाईंनी कागद टेबलावर सपाट केला, पाटी त्यावर धरली, खट्‌कन फोटो काढला, पाटी कोशाला टेकवली आणि दोन बोटं लांब केली. मुंग्या उंदरांएवढ्या झाल्या. बाई शिवणाच्या वर्गात मापं वाचून दाखवतात त्या सुरात वाचू लागल्या.

“‘प्रिय अनुस्वारा’... अगंबाई, उलटेभावजींचं! ‘खूप वर्षांनी लिहितोय. मी बरा आहे. एक डोळा गेला, एक चालू आहे. इकडे आल्यावर खोक्यांच्या कारखान्यात छाप मारायला लागलो, तिथूनच रिटायर झालो. वीस वर्षं खोक्यांवर एकच ओळ छापली, ही बाजू वर. माझ्यासारख्या उलट्या माणसाकडून!’” बाई हसल्या. “अजून तसेच आहेत. ‘मागल्या महिन्यात आपला बाइंडर भेटला. म्हणाला, माझ्यानंतर तीन महिन्यांत तूही छापखाना सोडलास. मला माहीत नव्हतं. म्हणून लिहितोय. त्या शौकसभेचा दोष तुझा नव्हता, एवढं सांगायचं होतं. उत्तर पाठव.’”

अनुस्वार खुर्चीचा हात धरून उभे होते. “माझा,” ते म्हणाले.

“काय तुमचा?”

“‘दोष माझा नव्हता’ असं आहे ते. तू ‘तुझा’ वाचलंस.”

“तुझाच आहे.”

“अगं, मी वाचलंय ते! जन्मभर मुद्रितं तपासली मी.”

“असतील तपासली. या इकडे.” बाईंनी बोटं आणखी लांब केली. अख्ख्या काचेवर एकच शब्द उरला. “‘मा’ला काना असतो की नाही? कुठाय काना? आणि हे खाली काय लोंबतंय?”

अनुस्वार वाकले. कागदाचे तंतू दिसत होते, शाई कुठे पसरली तेही दिसत होतं. घडी नेमकी त्या अक्षरावरून गेली होती आणि वरचा भाग घासला गेला होता. पण रेषेच्या खाली, डावीकडे वळलेला, थरथरत्या हातानं काढलेला, आणि तरी अगदी पुरा, उकार होता.

“हुक आहे तो,” बाई म्हणाल्या. “चाळीस वर्षं हुक लावले मी. हुक ओळखायला मला शिकवू नका.”

तुझा. त्या शौकसभेचा दोष तुझा नव्हता.

मुद्रितं तपासायला येणाऱ्या नव्या माणसाला पहिला धडा हाच देतात, की डोळा कागदावरचं वाचत नाही, मनातलं वाचतो. मन बाजूला ठेव. अनुस्वारांनीच तो धडा कितीजणांना दिला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. ते खुर्चीत बसले. एक क्षण त्यांना मोकळं वाटलं, पाठीवरचं पोतं कुणीतरी उतरवून घ्यावं तसं. मग दुसऱ्याच क्षणी कळलं की पोतं उतरवलेलं नाही, दुसरं वर ठेवलंय. उलट्याला कळलं असतं, तो रागावला असता, तर ते एक परवडलं असतं. पण त्याला अजून काही कळलेलंच नव्हतं. तो बापडा एका डोळ्यानं पत्र लिहून यांचं सांत्वन करत होता, आणि तीन वर्षं उत्तराची वाट बघत होता.

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग पाटीवर काहीतरी दाबलं, पाटी पुन्हा कोशाला टेकवली आणि समोर स्टूल ओढून बसल्या.

“ही शौकसभा काय भानगड आहे?” त्यांनी विचारलं. “सरळ सांगा. माझ्याकडे बघू नका हवं तर. भिंतीकडे बघून सांगा.”

अनुस्वारांनी भिंतीकडे बघून सांगितलं. सुरुवातीला शब्द अडकत होते, मग येऊ लागले. एका शाळेचे मुख्याध्यापक वारले होते. कडक माणूस, गावात धाक. त्यांच्या शोकसभेचं पत्रक छापायला आलं. आठ ओळींचं. उलटेरावांनी जुळवलं, कच्चा कागद पोटमाळ्यावर आला. त्या वेळी अनुस्वारांच्या मांडीवर एक जाडजूड कादंबरी होती आणि शेवटची वीस पानं उरली होती. आठ ओळींत काय चुकणार, म्हणून त्यांनी कागदाकडे न बघता कोपऱ्यात ‘छापा’ लिहिलं, सही केली आणि कागद खाली सोडला. खाली एका मात्रेच्या जागी दोन बसल्या होत्या. पाचशे पत्रकं छापून गावभर गेली. ‘कै. मुख्याध्यापकांची भव्य शौकसभा. सर्वांनी अवश्य उपस्थित राहावे.’

बाईंच्या तोंडातून हसू फुटलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. “सांगा, सांगा. नाही हसत.”

गावही दोन दिवस हसलं होतं. लोक छापखान्यावरून जाताना विचारायचे, सरांना काय काय शौक होते? तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांचा मुलगा पत्रक घेऊन आला. मालकांनी दोघांना खाली बोलावलं. तपासलेला कागद आणा म्हणाले. तो कागद कुणीतरी यंत्राची शाई पुसून फेकून दिला होता. मग मालकांनी विचारलं, चूक कुणाची? आणि अनुस्वारांनी तोंड उघडायच्या आत उलटेराव म्हणाले, “यांनी खूण केलीच असणार, साहेब. यांच्या नजरेतून आजवर एक वेलांटी सुटली नाही. दुरुस्ती करायची माझ्याच हातून राहिली असेल.”

“आणि तुम्ही?” बाईंनी विचारलं.

“मी मूग गिळून उभा राहिलो.”

“एक अक्षर बोलला नाहीत?”

“एक अक्षर नाही. त्याचा हिशेब त्याच संध्याकाळी केला मालकांनी. जाताना मला म्हणाला, अनुस्वारा, तुझी खूण माझ्या डोळ्याला दिसली कशी नाही रे? दिसणार कुठून? खूण नव्हतीच. त्याला अजून वाटतं त्याचं चुकलं. दोष माझा होता. सगळा दोष माझा होता.”

बाई हसत नव्हत्या.

“चांगलं नाही केलंत,” शेवटी त्या म्हणाल्या.

“माहीत आहे.”

“आणि मला एकोणचाळीस वर्षं सांगितलं नाहीत. तेही चांगलं नाही केलंत. मी भावजींना मनातल्या मनात नावं ठेवली, न सांगता-सवरता गेले म्हणून.” त्या उठल्या, पाणी प्यायल्या, भांडं पालथं घातलं. “लिहा आता त्यांना.”

“अकरा वेळा बसलो. मला लिहायला जमत नाही गं. दुसऱ्याचं तपासायला जमतं. माझं मी लिहायला लागलो की पहिल्या शब्दापासून...”

“मग तपासा,” म्हणत बाईंनी पाटी त्यांच्यापुढे सरकवली.

पाटीवर ओळीच ओळी होत्या. न थांबणाऱ्या, न मोडणाऱ्या, वरून खालपर्यंत. अनुस्वारांना कळेना. मग पहिली ओळ वाचली आणि कळलं. ‘एका शाळेचे मुख्य अध्यापक वाढले होते कडक माणूस गावात ढाक’

“हे... हे मी बोललो ते?”

“इथं माइकचं चित्र आहे ना, ते दाबलं की बोललेलं लिहिते. लेकीनं दाखवलं मला. मापं लिहायला बरं पडतं.”

“तू मुद्दाम लावलंस?”

“छे, हात लागला असेल चुकून,” बाई म्हणाल्या. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, “बरं, लावलं मुद्दाम. पुढे?”

पुढे काय म्हणून अनुस्वारांना रागवायचं होतं, पण त्यांचे डोळे आधीच दुसऱ्या ओळीवर गेले होते. इतकं भयंकर मुद्रित त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. शोकसभेची चौकसभा झाली होती. उलटेराव ‘उलटे राहा’ झाले होते. यंत्राची शाई ‘मित्राची शाई’ झाली होती आणि मूग गिळून उभा राहिलो याचं ‘मुख मिळून उभा राहिलो’. जिथे ते बोलता बोलता गप्प झाले होते तिथे पाटीही गप्प होती. आणि बाईंचं ‘सांगा सांगा नाही हसत’ मधेच घुसलं होतं. अनुस्वारांनी न बघता हात लांब केला. बाईंनी त्यात लाल पेन दिलं. काचेवर पेन चालत नाही हे आठवून त्यांनी ते परत ठेवलं आणि बोट स्पंजावर दाबलं.

दुपारचा चहा निवला. वाकून वाकून मान अवघडली. एकेक अक्षर लिंबाएवढं करून ते तपासत होते, खोडत होते, पूर्णविराम देत होते. लिहिणं जमत नव्हतं, पण हे लिहिणं नव्हतंच. हे कुणाचं तरी लिहिलेलं नीट करणं होतं, आणि ते त्यांना झोपेतही आलं असतं. ‘मी’च्या जागी ‘मी’ आणि ‘तो’च्या जागी ‘तू’ बसवत गेले तसं ते आपोआप पत्र होत गेलं. पाटी मधूनमधून दिवा मालवायची. ते ओल्या बोटानं तिला जागी करायचे. एकदा तर चक्क “थांब गं” म्हणाले.

कबुलीच्या शेवटच्या ओळीवर ते थबकले.

तिथे पाटीनं लिहिलं होतं: ‘दोस्त माझा होता सगळा दोस्त माझा होता’.

बाई खांद्यावरून वाचत होत्या. “अगंबाई!” त्या म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, “हे असंच राहू द्या की. किती छान वाटतंय.”

छान तर वाटतच होतं. अनुस्वारांना स्वतःहून सुचलं नसतं इतकं छान. आणि खोटंही नव्हतं. उलट्या दोस्त होताच. हे एवढं राहू दिलं, वरचं थोडं सैल केलं, कादंबरीचं काढून टाकलं, तर पत्र गोड होत होतं. एका डोळ्यानं वाचणाऱ्या म्हाताऱ्याला गोड पत्रच पाठवावं, त्याला जुनं उकरून कशाला दाखवायचं, असंही म्हणता आलं असतं. आणि ते अगदी दयाळूपणाचं वाटलं असतं, हीच त्यातली गोम होती. अनुस्वार बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिले. बोट वाळून गेलं.

“नाही,” ते म्हणाले. “चूक आहे ती.”

“चूक कसली? गोड चूक आहे.”

“गोड असली तरी मी ‘दोष’ म्हटलं होतं.” त्यांनी बोट ओलं केलं, ‘स्त’ खोडला आणि ‘ष’ घातला. दोन्हीकडे. मग पूर्णविराम.

त्या पूर्णविरामाखाली मग त्यांनी एक ओळ स्वतःच, न अडखळता घातली. ‘तू खूण शोधत बसला असशील तर शोधू नकोस, ती मी केलीच नव्हती.’

मग अनुस्वारांनी कागद घेतला, दौतीतली शाई ढवळली आणि पाटीवरचं सगळं कागदावर उतरवलं, मोठ्या अक्षरात, एका डोळ्याला दिसेल एवढं. सहा पानं झाली. झाल्यावर त्यांनी ती तपासली, आधी सुलटी, मग उलटी, म्हणजे शेवटच्या शब्दापासून पहिल्यापर्यंत. असं वाचलं की अर्थ आडवा येत नाही आणि अक्षर दिसतं. ही युक्ती त्यांना उलटेरावांनीच शिकवली होती. एक वेलांटी सापडली, ती नीट केली.

रात्री लेकीचा फोन आला. “काय बाबा, ठेवायचा की परत करायचा?”

“चुका फार करते,” अनुस्वार म्हणाले.

“मग परत करू?”

“नको. तपासायला कुणीतरी लागेलच तिला.”

दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडायच्या आधी दहा मिनिटं ते दारात उभे होते. कारकून आला, खिडकी उघडली, पाकीट काट्यावर ठेवलं, तिकिटं दिली. अनुस्वारांनी ती तिथल्या स्पंजावर ओली करून चिकटवली. पत्ता पुन्हा एकदा वाचला. उलट्या हयात असेल का, पत्ता तोच असेल का, हे त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत करून घेण्याचा दुसरा सरळ मार्गही नव्हता. मागे एक बाई पार्सल घेऊन उभी होती, तिनं घसा खाकरला. त्यांनी पाकीट खिडकीतून आत दिलं. कारकुनानं दणकन शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात फेकलं.

“अहो,” अनुस्वार खिडकीत वाकून नाकातल्या नाकात म्हणाले, “समजा, त्यात काही दुरुस्ती करायची राहिली असेल, तर?”

“आता नाही, आजोबा,” कारकून म्हणाला. “आता पोत्यात गेलं.”